लॅपटॉपचं डोकं तापतं तेव्हा…

“वहिनी, तापलाय बघा पुन्हा!”

यंदा मार्च लागला आणि आमच्या बचत गटाच्या खोलीत हे वाक्य रोजचंच झालं. तापलेलं कुणी माणूस नव्हतं हो, तापला होता गटाचा लॅपटॉप! कन्हेरी म्हटलं की लोकांना आमचा मारुती आठवतो. पवार घराण्याच्या प्रचाराचे नारळ तिथे फुटत आले, म्हणून निवडणुकीच्या दिवसांत टीव्हीवरही दिसतो. पण इथलं ऊन टीव्हीवर दिसत नाही. आमची खोली पत्र्याची. एप्रिलच्या दुपारी माणसाचं डोकं चालत नाही, तिथे त्या यंत्राचं काय चालणार?

हा लॅपटॉप तीन वर्षांपूर्वी गटाच्या शिलकीतून जुनाच घेतलेला, १८ हजारांना, आणि तोही माझ्याच हट्टाने. “कशाला हवंय हे खूळ?” म्हणणाऱ्याही होत्या. पुढे त्याच बायका हप्त्यांचा हिशेब त्यावर बघायला लागल्या. बँकेचे कागद, पोरींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्यावरच. आमच्याच एका सभासदाची मुलगी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी लॅपटॉप नाही, म्हणून संध्याकाळी ती इथे बसून प्रोजेक्टची ड्रॉइंग काढायची. ड्रॉइंग उघडलं की पाच मिनिटं बरी जायची. मग पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागायचा आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. प्रोजेक्ट द्यायला तीन आठवडे उरलेले. पोर रडकुंडीला आली होती.

एका दुकानात दाखवला. त्यांनी हात लावून बघितला आणि सांगितलं, “प्रोसेसर गेलाय. नवीनच घ्या, ३८ हजारांपर्यंत बसेल.” गटाच्या खात्यात होते ५१ हजार, आणि त्यातून दोघींना पेरणीआधी कर्ज द्यायचं कबूल केलेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. लॅपटॉप घ्या म्हणणारी मीच ना!

सकाळी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, आधी ताप मोजला का? थर्मामीटर न लावताच डॉक्टर बदलायला निघालीस!” प्रोसेसरचं तापमान दाखवणारा एक फुकट प्रोग्रॅम त्याने त्या मुलीकडून टाकून घेतला. ड्रॉइंग उघडलं आणि आकडा चढत चढत ९७ अंशांवर गेला.

प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. बऱ्याच प्रोसेसरांना शंभर अंशांच्या आसपासची मर्यादा घालून दिलेली असते. आकडा तिथे पोचला की तो जळून जाऊ नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. उसाच्या खुरपणीत चक्कर यायला लागली की आपण बांधावर टेकतो ना, तसंच. म्हणजे आमचा लॅपटॉप मेला नव्हता, जीव सांभाळून हळू चालत होता. त्याला गार केलं तर वेग आपोआप वाढणार होता.

आधी साफसफाई. मागचं झाकण उघडलं, तर पंख्यापुढच्या बारीक जाळीवर धुळीची आणि सुती तुसांची चक्क गोधडी बसलेली! आमचे हे म्हणाले, पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारू. भाचा फोनवरच ओरडला. त्या हवेत पाण्याचा अंश असतो आणि जोरही फार, पंख्याची पाती मोडायची. मऊ ब्रश आणला, पंखा बोटाने धरून ठेवला, धूळ हलकेच काढली. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी एक पेस्ट असते, ती वाळून खडू झाली होती. ती पुसून नवी लावली, मसुराच्या दाण्याएवढी. (आक्कांनी सुचवलं होतं, माठाला गुंडाळतो तसं ओलं फडकं गुंडाळा. नका हो असं काही करू! बर्फही ठेवू नका, आत पाणी सुटतं.) आकडा ८८ वर आला. बरं वाटलं, पण बाण अजून अडखळत होताच.

मग भाच्याने खरा उपाय सांगितला. प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायचं.

हे ऐकताच खोलीत गलका झाला. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे, की व्होल्टेज कमी आलं की विहिरीवरची मोटार जळते! वाइंडिंग भरून आणायला किती पैसे मोजलेत ते ज्याचं त्याला माहीत. आक्का तर म्हणाल्या, “होता नव्हता तोही घालवताय.”

मलाही पटत नव्हतं. भाच्याने शांतपणे समजावलं. मोटारीला तेवढंच पाणी ओढायचं असतं. व्होल्टेज पडलं की ती जास्त करंट खाते आणि तापते. प्रोसेसरला असं काही ओढायचं नसतं. त्याच्यात असंख्य बारीक बटणं सतत चालू-बंद होतात, आणि दर वेळी जितकं व्होल्टेज जास्त तितकी उष्णता जास्त. उष्णता तर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर या कामाची उष्णता जवळजवळ १९ टक्क्यांनी उतरते. आणि फारच कमी केलं तर तो जळत नाही, गणित चुकतो आणि बंद पडतो. पुन्हा चालू केला की झालं.

मग कंपनीच कमी का देत नाही? मैत्रिणींनो, रेडिमेड ब्लाऊज आठवा. कुणालाही बसावा म्हणून तो सैलच शिवलेला असतो. प्रत्येक प्रोसेसर थोडा वेगळा निघतो, म्हणून त्यातला लेचापेचाही चालावा एवढं व्होल्टेज सगळ्यांनाच देतात. आपण घरी काय करतो? अर्धं बोट टीप आत घेतो, घालून बघतो, काचलं की उसवतो. इथेही तेच.

थ्रॉटलस्टॉप नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात त्या मुलीने हे केलं. आधी ५० मिलिव्होल्ट कमी, मग दहा-दहाने. प्रत्येक पायरीला अर्धा तास ड्रॉइंग चालवून बघायचं. त्याआधी सगळी फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवलेली. ११० ला पडदा निळा झाला आणि यंत्र बंद! माझ्या तर पोटात गोळाच आला. पण ही मांडणी आपोआप लागू होण्याची खूण आम्ही केली नव्हती. चालू करताच सगळं पूर्ववत. मग ९० वर थांबलो. भर दुपारी, पत्र्याखाली, तेच ड्रॉइंग, आणि आकडा ७९! बाण सरळ धावत होता.

नुसत्या जुन्या लॅपटॉपचंच हे दुखणं नाही. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवला, हे आपण शाळेपासून ऐकतो. त्याच घराण्यातला परम ब्रह्म पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसला, तर त्याच्या प्रोसेसरांची उष्णता काढायला द्रव फिरवण्याची सोय करावी लागली. एवढ्या थोरल्याचं डोकं तापतं, मग आमच्या धाकट्याचं काय!

एक सांगायलाच हवं. ही सोय सगळ्याच लॅपटॉपमध्ये मिळत नाही. २०१९ च्या डिसेंबरात संशोधकांनी दाखवून दिलं, की व्होल्टेज बदलण्याच्या याच वाटेने आतली गुपितं चोरता येतात. त्यानंतर इंटेलने आणि लॅपटॉप कंपन्यांनी बऱ्याच यंत्रांत ती वाट बंद केली. आमच्या आठव्या पिढीच्या यंत्रात ती उघडी राहिलेली. बंद असेल तर जबरदस्तीने उघडायच्या फंदात पडू नका. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याने जादा वेगाची उडी थांबते आणि ताप झपाट्याने उतरतो. उडी गेली तरी हिशेबाला आणि अर्ज भरायला काही फरक जाणवत नाही, ड्रॉइंगवाल्यांना मात्र जाणवेल. आणि लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवायची सवय आधी सोडा, खालची हवेची भोकं बुजतात. आम्ही मागच्या दोन पायांखाली लाकडी पट्टी ठेवलीय.

सगळा खर्च साडेतीनशे रुपये, ब्रश आणि पेस्टचा. पोरीने प्रोजेक्ट वेळेच्या दोन दिवस आधी दिलं. दोघींचं पेरणीचं कर्ज १० जूनला दिलं गेलं, त्या नोंदीही याच लॅपटॉपवर केल्या. सही करताना आक्का हळूच म्हणाल्या, “वहिनी, मग माझ्या मोटारीचंही व्होल्टेज थोडं कमी करून बघू का?”

“आक्का, मुळीच नाही!”