कॅन्सर पसरला, पण दोन-तीनच गाठींवर थांबला. असं का होतं?

"कॅन्सर पसरलाय." डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य आलं की त्यापुढचं घरातलं कुणी ऐकतच नाही. पसरला म्हणजे चौथी स्टेज, आणि चौथी स्टेज म्हणजे संपलं, असं आपण धरूनच चालतो. पण पसरण्या-पसरण्यातही फरक असतो.

१९९५ साली शिकागो विद्यापीठातल्या सॅम्युएल हेलमन आणि राल्फ वाइकसेलबॉम या डॉक्टरांनी सांगितलं की, काही पेशंटमध्ये कॅन्सर मूळ जागेवरून निघतो खरा, पण मोजक्या गाठींवरच थांबतो. याला त्यांनी नाव दिलं ऑलिगोमेटास्टॅसिस. 'ऑलिगो' म्हणजे ग्रीकमध्ये थोडे. या गाठींवर थेट उपचार केले तर आयुष्य वाढतं का? २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ९९ पेशंटची एक ट्रायल छापून आली. या सगळ्यांना पसरलेल्या गाठी जास्तीत जास्त पाच होत्या. नेहमीचे उपचार घेणारे निम्मे पेशंट २८ महिन्यांहून जास्त जगले. सोबत प्रत्येक गाठीवर नेमकं रेडिएशन घेतलेल्यांसाठी हाच आकडा ४१ महिने होता. मात्र रेडिएशन घेतलेल्या गटातल्या ६६ पैकी ३ जणांचा मृत्यू उपचारांमुळे झाल्याचं मानलं गेलं.

म्हणजे हे उपचार कुणाला द्यायचे, हे आधी कळायला हवं. गोची इथेच आहे. स्कॅनमध्ये तीन गाठी दिसल्या, तर खरंच तीनच आहेत, की बाकीच्या अजून दिसण्याएवढ्या वाढल्या नाहीत?

इथे येतात मायक्रोआरएनए. पेशीत प्रोटीन बनवायची ऑर्डर आरएनएच्या चिठ्ठीवरून जाते. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. तो या चिठ्ठीला चिकटतो आणि ऑर्डर अडवतो. १९९३ मध्ये एका इवल्याशा जंतात सापडलेल्या या तुकड्यांसाठी व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

२०११ मध्ये शिकागोच्याच टीमने पेशंटच्या गाठी तपासल्या. ज्यांचा कॅन्सर मर्यादित राहिला आणि ज्यांचा पुढे सगळीकडे गेला, त्यांच्या मायक्रोआरएनएचा पॅटर्न वेगळा निघाला. मग उंदरांवर प्रयोग झाला. मर्यादित पसरणाऱ्या पेशींमध्ये 'मायक्रोआरएनए-२००सी' वाढवला, तर त्या भराभर पसरल्या.

गंमत म्हणजे, हा २००सी एरवी सज्जन समजला जातो. तो पेशींना एकमेकींना धरून ठेवतो, गाठीतून सुटू देत नाही. पण सुटलेल्या पेशीला नव्या जागी बिऱ्हाड थाटायचं असेल, तर हीच पकड तिच्या कामी येते. उलट १४ व्या क्रोमोसोमवरचे काही मायक्रोआरएनए पेशींचं चिकटणं, घुसणं आणि सरकणं कमी करतात, असं याच विद्यापीठातल्या २०१५ च्या संशोधनात दिसलं.

मग यांचं औषध का नाही? एक प्रयत्न झाला होता. मायक्रोआरएनए-३४ची नक्कल असलेल्या औषधाची ट्रायल २०१६ मध्ये इम्यून सिस्टीमच्या गंभीर रिअॅक्शनमुळे थांबवावी लागली. त्यामुळे कुणाच्या गाठी मोजक्याच राहतील, याचा अंदाज डॉक्टर आजही मुख्यतः गाठींची संख्या, त्यांची जागा आणि पहिल्या उपचारानंतर त्या किती काळाने आल्या, यावरूनच बांधतात. रिपोर्टमध्ये मेटास्टॅसिस हा शब्द दिसला, तर निदान एवढं विचारा: गाठी किती आहेत, आणि त्यांच्यावर थेट उपचार होऊ शकतात का?