चिंध्यांचं बोचकं आणि कापडाचं ठाण

माझे अब्बा शिंपी होते. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत त्यांचं छोटंसं दुकान होतं. मशीनच्या पायाशी चिंध्यांचं एक बोचकं असायचं. खिशाला अस्तर हवं, कॉलरला आतून पट्टी हवी, की अब्बा त्या बोचक्यात हात घालत आणि हव्या त्या मापाचा तुकडा शोधत. तुकडा मोठा निघाला तर हवा तेवढा कापून उरलेला परत बोचक्यात. एखाददुसरा शर्ट शिवायचा असला की हे ठीक. पण शाळेच्या गणवेशांचं काम आलं की अब्बा बोचक्याला हात लावत नसत. अस्तराचं अख्खं ठाण टेबलावर पसरत, खडूने खूण करत आणि कापत कापत पुढे सरकत. मी एकदा विचारलं, ‘‘अब्बा, एवढे तुकडे पडलेत, ते का नाही वापरत?’’ ते म्हणाले, ‘‘बेटा, कापड वाचेल, पण दिवस जाईल.’’

हे वाक्य मला चाळीसेक वर्षांनी आठवलं, तेही कॉम्प्युटरसमोर बसलेलो असताना. ती गोष्ट आज सांगायची आहे.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. कविता लिहितो. कॉम्प्युटरशी माझा संबंध टाइप करण्यापुरता. पण गेली काही वर्षं मी जात्यावरच्या ओव्या जमवतो आहे. सुरुवात अम्मीच्या ओव्यांपासून झाली. मग मोहल्ल्यातल्या बायका, मग आसपासच्या गावांतल्या. वह्यांवर वह्या भरल्या, त्या टाइप केल्या. अशा बारा हजार ओव्या झाल्या. आता ओवीचं असं असतं, की एकच ओवी या गावात एका शब्दाने येते, पुढच्या गावात दुसऱ्या. मला हे पाठभेद शोधायचे होते. कारण गाणाऱ्यांपैकी कितीतरी जणी ऐंशीच्या पुढच्या. पाठभेद सापडला की जाऊन विचारता येतं, ‘‘मावशी, हा शब्द तुम्ही कुणाकडून घेतला?’’ उत्तर देणारी आज आहे. पुढच्या उन्हाळ्यात असेलच असं नाही.

माझी मुलगी शाहीन कॉम्प्युटरचं शिकली आहे. तिने मला सी भाषेत एक प्रोग्रॅम लिहून दिला. त्याला ना चित्रं, ना बटणं. काळ्या पडद्यावर त्याचं नाव आणि फाइलचं नाव टाइप करायचं, की तो प्रत्येक ओवी दुसऱ्या प्रत्येक ओवीशी ताडून बघतो आणि एखाद-दोन शब्दांचाच फरक असलेल्या जोड्या समोर मांडतो. बारा हजार ओव्यांच्या जोड्या किती होतात? सात कोटी वीस लाखांच्या आसपास. माझ्या जुन्या लॅपटॉपवर या कामाला अकरा मिनिटं लागत. एक शुद्धलेखन सुधारलं, पुन्हा अकरा मिनिटं. नव्या दहा ओव्या घातल्या, पुन्हा अकरा मिनिटं. दिवसातून दहा वेळा हे चालायचं. दुकानदार म्हणाला, ‘‘काका, मशीन जुनं झालं. नवीन घ्या.’’ पैसे होते माझ्याकडे, पण ते ओव्यांचा संग्रह छापायला बाजूला काढलेले. तेच मोडायचे, असं मनाशी जवळजवळ ठरलं होतं.

शाहीन म्हणाली, ‘‘अब्बा, थोडं थांबा. आधी मोजून बघू, वेळ जातोय कुठे.’’

इथे थोडं समजावून सांगायला हवं. प्रोग्रॅमला एखादी गोष्ट ठेवायची तर कॉम्प्युटरच्या मेमरीत जागा लागते. सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये घडवली. तिच्यात अशी जागा मागायची रीत म्हणजे ‘मॅलॉक’ आणि जागा परत करायची रीत म्हणजे ‘फ्री’. प्रोग्रॅम म्हणतो, मला तेरा बाइट द्या. मग एक वाटपकार मोकळ्या तुकड्यांतून योग्य मापाचा तुकडा शोधतो, त्यावर मापाची चिठ्ठी लावतो आणि हवाली करतो. परत आलेला तुकडा तो पुन्हा मोकळ्या तुकड्यांत ठेवतो. म्हणजे अब्बांचं बोचकंच की!

हे वाटपकार काही आळशी नसतात. डग ली यांनी १९८७ साली लिहायला घेतलेल्या वाटपकाराचा वंश आजही लिनक्समध्ये नांदतो आहे. २०१७ साली त्यात आणखी एक सुधारणा झाली : नुकतेच परत आलेले छोटे तुकडे मापाप्रमाणे हाताशी ठेवायचे, म्हणजे पुन्हा तेच माप मागितलं तर शोधावं लागत नाही. एक मागणी पुरी व्हायला सेकंदाचा इतका बारीक अंश लागतो, की एरवी त्याचा विचारही करू नये. प्रश्न मागणी महाग असण्याचा नव्हताच. आपण किती वेळा मागतो, हा होता.

व्हॅलग्रिंड नावाचं एक साधन आहे. प्रोग्रॅम त्याच्या नजरेखाली चालवला, की शेवटी ते सांगतं, इतक्या वेळा जागा मागितली, इतक्या वेळा परत केली. त्याच्याखाली काम फार सावकाश चालतं, म्हणून शाहीनने फक्त दोनशे ओव्या दिल्या. आकडा आला साडेआठ लाखांच्या वर! दोनशे ओव्यांसाठी साडेआठ लाख वेळा हात पसरायचा? सगळ्या ओव्यांचा हिशेब केला, तर तो तीनशे कोटींच्या घरात जात होता.

कारण शोधायला वेळ लागला नाही. कोणतीही जोडी ताडायला घेतली, की प्रोग्रॅम दोन्ही ओव्या शब्दाशब्दांत तोडत होता आणि प्रत्येक शब्दासाठी वेगळी जागा मागत होता. ओवीत बारा ते पंधरा शब्द; दोन ओव्यांचे तीसेक. शिवाय तुलनेसाठी एक तक्ता आखायचा, त्याच्या प्रत्येक ओळीला वेगळी जागा. जोडी संपली की सगळं परत करायचं आणि पुढच्या जोडीला पुन्हा मागायचं. अम्मीची एकच ओवी अशी बारा हजार वेळा तोडली जात होती.

जागाही वाया जात होती. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. ‘पाणी’ या शब्दात प, काना, ण आणि वेलांटी अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट; शब्द संपल्याची खूण एक बाइट. असे तेरा झाले. पण लिनक्सवरच्या नेहमीच्या ६४-बिट व्यवस्थेत त्यासाठी जो तुकडा निघतो तो ३२ बाइटचा. त्यात आठ बाइट मापाच्या चिठ्ठीचे आणि उरलेले माप पुरं करण्यापुरते. आणि शब्द असे विखुरलेले असले की प्रोसेसरलाही ते गोळा करायला जास्त धावावं लागतं. एकमेकांना लागून असले तर एका खेपेत अनेक हाताशी येतात.

मग दुरुस्ती सुरू झाली. पहिली गोष्ट, प्रत्येक ओवी सुरुवातीला एकदाच तोडायची. एवढ्यानेच अकराची साडेसहा मिनिटं झाली. दुसरी, तुलनेचा तक्ता सर्वांत लांब ओवीच्या मापाने एकदाच आखायचा आणि तोच पुसून पुसून वापरायचा, शाळेतल्या पाटीसारखा. वेळ पावणेपाच मिनिटांवर आला. फाइलमधली ओळ वाचायलाही दर वेळी नवी जागा न घेता एकच जागा ठेवायची, असं तिने ठरवलं. आणि इथे फजिती झाली.

प्रोग्रॅम चालवला, तर त्याने सांगितलं, सगळ्या ओव्या सारख्याच! मी घाबरलो. यादी उघडली, तर बाराच्या बारा हजार ठिकाणी एकच ओवी, फाइलमधली शेवटची. अम्मीची एकही ओवी दिसेना. शाहीन हसायला लागली. म्हणाली, ‘‘फाइल जागेवर आहे, अब्बा. चूक माझी आहे.’’ झालं होतं असं, की तिने ओव्या कुठे आहेत याचे पत्ते लिहून ठेवले होते आणि सगळे पत्ते त्या एकाच जागेचे होते. तिथे शेवटी जे उतरलं तेच सगळ्यांना दिसलं. पाटी पुन्हा वापरायची असेल तर आधी पाटीवरचं वहीत उतरवून घ्यावं लागतं. जागा वाचवताना कोणती गोष्ट किती काळ जपायची आहे, हे विसरून चालत नाही.

म्हणून तिसरी दुरुस्ती. शब्द जपायचे, पण बोचक्यातल्या तुकड्यांवर नाही. शाहीनने मेमरीचा एकच मोठा पट्टा मागून घेतला. पहिला शब्द सुरुवातीला, दुसरा त्याला लागून, तिसरा त्यापुढे. शोधायचं काही नाही, चिठ्ठी लावायची नाही, फक्त कुठवर आलो ती खूण पुढे सरकवायची. मी म्हटलं, ‘‘अगं, हे तर तुझ्या दादांचं ठाण! खडूची खूण पुढे सरकवत न्यायची.’’ त्यातही एकदा आलेला शब्द पुन्हा ठेवायचा नाही; त्याला क्रमांक द्यायचा आणि पुढे त्या क्रमांकावरच भागवायचं. वेळ आला दीड मिनिटावर. या शेवटच्या उडीचं सगळं श्रेय मेमरीला देता येणार नाही. शब्दांऐवजी क्रमांक ताडायचे म्हटल्यावर तुलनाही सोपी झाली. पण दोनशे ओव्यांच्या साडेआठ लाख मागण्या आता शंभराच्याही आत आल्या होत्या.

ही युक्ती आमच्या घरात जन्मली असं मात्र नाही. डेव्हिड हॅन्सन यांनी १९९० साली, ज्या गोष्टी एकदम संपणार आहेत त्यांना एकत्र जागा द्यावी आणि एकदमच सोडावी, अशा अर्थाचा निबंध लिहिला होता. ‘डी’ ही भाषा घडवणारे वॉल्टर ब्राइट यांनी तर आपल्या कंपायलरमध्ये जागा परत करणंच बंद केलं. ठाण उलगडत पुढे जायचं, बस. त्याने कंपायलरचा वेग ७५ टक्क्यांहून अधिक वाढला, असं त्यांनी २०१३ साली लिहिलं. असं चालतं, कारण काळ्या पडद्यावरचा प्रोग्रॅम काम करून संपतो, आणि तो संपला की त्याची सगळी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच परत घेते. घर पाडायचंच असेल तर आधी झाडून कशाला काढायचं?

पण याची दुसरी बाजूही आहे. मोठं काम दिलं की ब्राइट यांच्या कंपायलरला मेमरी फार लागते, अशा तक्रारी आल्या आणि पुढे कमी मेमरीत चालवायची वेगळी सोय ठेवावी लागली. जो प्रोग्रॅम दिवसरात्र, महिनोन्‌महिने चालायचा आहे त्याने जागा परत केलीच नाही, तर एक दिवस मशीनच गुदमरेल. आणि ओव्याच दसपट झाल्या तर जोड्या शंभरपट होतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात लाखाच्या वर ओव्या जमल्या. तेवढ्यांना आमची युक्ती पुरणार नाही. तिथे सगळ्या जोड्या न ताडण्याचाच मार्ग शोधावा लागेल.

नवा लॅपटॉप घेतला नाही. संग्रहाचे पैसे संग्रहालाच राहिले. आता एखादी ओवी टाइप करून मी चहाचा कप उचलतो, तो संपायच्या आत यादी समोर असते. त्याच यादीत परवा अम्मीची एक ओवी आणि पलीकडच्या गावातल्या एका मावशींची ओवी शेजारी शेजारी आल्या. फरक एकाच शब्दाचा. अम्मीच्या ओवीत जात्यात जोंधळा आहे, मावशींच्या ओवीत गहू. दुसऱ्याच दिवशी एस. टी.ने गेलो आणि विचारलं. मावशी म्हणाल्या, ‘‘अरे, आमच्या घरात गहू कुठला आलाय? पण गाण्यात तरी गहूच दळावा म्हटलं.’’

मी ते वहीत उतरवून घेतलं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)