वाळेपर्यंत

आमच्याकडे जूनच्या मध्यापासून गणपती जाईपर्यंत काही वाळत नाही. कपडे वाळत नाहीत, सरपण वाळत नाही. कपाटातला कागद हाताला ओलसर लागतो आणि त्यावर सकाळी दिलेला रंग संध्याकाळीही चमकत असतो. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढू लागलं की पावसाचा जोर वाढत जातो. वर आंबोलीत वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमचं गाव घाटाखाली. तेवढा नाही, पण चित्रकाराला पुरून उरेल इतका इथेही पडतोच.

मी एरवी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. जलरंगाला कागदावर धरून ठेवतो तो डिंक, आणि डिंक हवेतला ओलावा ओढून घेतो. एक थर पुरता वाळायच्या आत दुसरा दिला की खालचा उचलून येतो आणि दोन्ही मिळून चिखल होतो. हेअर ड्रायर फिरवून काम उरकणारे आहेत. मला त्या वळलेल्या कडा बघवत नाहीत. म्हणून आषाढ सरत आला की मी टेबल आवरते आणि शेजारच्या आबांच्या गणपतीच्या शाळेत जाऊन बसते. तिथेही काही वाळत नसतंच. पण तिथलं सगळं काम वाळण्याच्या हिशेबाने बेतलेलं असतं, आणि मधल्या वेळात ज्याला त्याला आपापलं परसू असतं.

शाळा म्हणजे मूर्ती घडवायची जागा, कौलारू घराची लांब पडवी. आषाढापासून नागपंचमीच्या आगेमागेपर्यंत वाडीतली माणसं आपापला पाट आणून देतात. पाटाखाली खडूने घराचं नाव, कधी नुसतीच एखादी खूण. काही पाट इतके जुने की मधोमध मातीचा डाग कायमचा बसला आहे. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावरून घरी जाते. आबा माप विचारत नाहीत. पाट उलटा करून बघतात; गणपती किती उंच, पीतांबर कुठल्या रंगाचा, पायाशी उंदीर डावीकडे की उजवीकडे, सगळं त्यांना आठवतं. पाट देताना विडा आणि नारळ ठेवायचा, पैशांचं बोलणं नंतर, आणि घासाघीस करायची पद्धत नाही. हा व्यवहार मला आमच्या प्रकाशन व्यवसायात आणता आला असता तर बरं झालं असतं.

शाडू पोत्यांनी येतो, बहुतेक गुजरातेतल्या भावनगरकडचा. भिजवायचा, खडे वेचायचे, मग मळायचा. त्यात आबा थोडा पिंजलेला कापूस घालतात, माती एकमेकीला धरून राहावी म्हणून. धड साच्यातून निघतं. हात, कान, सोंड मागाहून जोडतात आणि जोडावर पातळ माती भरून ओल्या ब्रशने सांधा मोडतात. इथपर्यंतचं काम भराभर होतं. पुढे थांबायचं.

प्लास्टरची मूर्ती साच्यात ओतली की अर्ध्या-पाऊण तासात टणक होऊन बाहेर येते. शाडूला कित्येक दिवस लागतात, आणि ते दिवस कसे काढायचे यातच कारागिरी आहे. उन्हात ठेवली तर वरचा भाग आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि तडा जातो. सावलीत ठेवली तरी सगळी मूर्ती एका वेगाने वाळत नाही. बोटं, कानाच्या पाळ्या, सोंडेचं टोक आधी सुकतं. पोट सगळ्यांत शेवटी. सुकलेलं बोट आणि ओला तळहात यांची जिथे गाठ पडते तिथे भेग ठरलेली. म्हणून आबा सकाळ-संध्याकाळ फिरून कानांवर आणि बोटांवर ओली फडकी टाकतात. वाळवायच्या वस्तूला पुन्हा ओलं करायचं, म्हणजे ती नीट वाळते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं. फारच पाऊस लागला तर कोपऱ्यात शेगडीत कोळसे ठेवतात, पण मूर्तींपासून लांब. मनगटाची आतली बाजू पोटाला लावून आबा ओल बघतात. ओली माती थंड लागते.

"थंड लागता. अजून चार दिस," एवढंच बोलतात आणि पुढच्या पाटाकडे जातात.

ते चार दिवस मी परसात असते. पावसाळी बाग लावावी लागते असं म्हणणं जरा जास्तच होईल; ती येते, आपण फक्त मध्ये पडायचं. तेरडा गेल्या वर्षीच्या बियांनी आपणच उगवतो. त्याची पिकलेली बोंडं बोट लावताच फुटतात आणि बी हातभर लांब उडतं, म्हणून तो मी ठरवलेल्या वाफ्यात कधीच नसतो, पायवाटेवर असतो. रोपं चार पानांवर आली की गोगलगायी येतात. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचायच्या, डब्यात भरायच्या आणि ओहोळापलीकडे सोडायच्या. शेजारची काकी म्हणते की त्या सकाळपर्यंत परत येतात. मांडवावर दोडकी आणि पडवळ, कुंपणाच्या कडेने भेंडी, विहिरीजवळ अळू आणि हळद. नागपंचमीला पातोळ्यांसाठी हळदीची पानं वाडीभर जातात. पान खुडताना येणारा वास बोटांना दिवसभर राहतो, आणि मला खात्री आहे की शाळेत त्या दिवशी रंगवलेल्या मूर्तींनाही तो लागत असणार.

चित्रकाराला या दिवसांत बागेत एक वेगळाच उजेड मिळतो. ढगांनी आभाळ भरलेलं असलं की सावल्या नाहीशा होतात. उन्हाळ्यात जास्वंदीचं फूल अर्धं उजेडात, अर्धं सावलीत असतं. गोलाई आपोआप दिसते. श्रावणात उजेड सगळीकडून सारखा येतो, त्यामुळे आकार सपाट होतो आणि रंग मात्र गडद, भरलेला दिसतो. रेखाटायला अवघड, रंगवायला मजेचा. हिरव्याचं तर विचारूच नका. ट्यूबमधला हिरवा इथे एकाही पानाशी जुळत नाही. भाताचा हिरवा पिवळ्याकडे झुकलेला, फणसाचा जवळजवळ काळा, केळीच्या कोवळ्या पानातून उजेड आरपार येतो तेव्हा त्यात लिंबाची झाक. हे सगळे मी निळ्यात वेगवेगळे पिवळे मिसळून वहीच्या पानांवर ठिपक्यांनी नोंदवून ठेवते. चित्र म्हणून त्या पानांना काही किंमत नाही. पावसाळ्यात माझ्या हातून होणारं सगळ्यांत आवडतं काम तेच आहे.

आणखी एक गोष्ट बागेतच शिकता येते. सांज पडू लागली की आधी लाल रंग जातो. जास्वंद काळी दिसायला लागते, तेव्हा शेजारची गोकर्ण अजून निळीच्या निळी असते. आपल्या डोळ्यांची मंद उजेडातली घडणच तशी आहे. आबांनी यावरचं पुस्तक वाचलेलं नाही, पण दिवेलागणीनंतर ते लाल पीतांबराला हात लावू देत नाहीत.

पोट कोमट लागलं की पॉलिश पेपरने घासणं. हे पोरांचं काम. शाळा सुटली की पाटीदप्तर टाकून पाच-सहा जण येतात आणि पांढरी धूळ अंगभर घेऊन जातात. मग पांढरा हात. आबांच्या वडिलांच्या वेळी खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून देत; आता बहुतेक ठिकाणी तयार डिस्टेंपर वापरतात. आबा काही मूर्तींना अजून जुनाच हात देतात. डिंकाच्या पाण्याला या हवेत दोन दिवसांत बुरशी येते, म्हणून त्यात लवंगा टाकून ठेवतात. माझ्या जलरंगाच्या तबकडीतही मी आता लवंगतेलाचा थेंब सोडते.

ओल ही या भागाची जुनी अडचण आहे आणि तिच्यावरचा सगळ्यांत देखणा इलाज सावंतवाडीच्या चितारी घराण्यांच्या हातात आहे. गंजिफाचे गोल पत्ते. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे किंवा कागदाचे थर चिकटवायचे, वर खडूचा लेप, तो घोटून गुळगुळीत करायचा, त्यावर दशावतारांची चित्रं आणि शेवटी लाखेचं आवरण. दशावतारी संचात 12 पत्त्यांची एक बाजी, अशा 10 बाज्या, मिळून 120 पत्ते. 1970 च्या दशकात राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. लाख चढवलेला पत्ता पावसाळ्यात हातात घेतला तरी कोरडा लागतो. शाडूच्या गणपतीला असलं आवरण कुणी देत नाही, कारण तो पाण्यात विरघळायचा असतो. दोन्ही कामं या एकाच मुलखातली, आणि पाण्याशी दोघांचं नातं अगदी उलट.

अंगाचा रंग, मग पीतांबर, मग शेला, मग सोनेरी दागिने. रंगांची निवड माझी नसते, आबांचीही नसते. ती घरांची असते. एका घराला केशरी पीतांबर पिढ्यान्‌पिढ्या. एका घरात पिवळा चालत नाही, का ते कुणाला आठवत नाही. मी कागदावर काम करताना रंगसंगतीवर तासन्‌तास विचार करते. इथे तो भार उतरलेला असतो, आणि त्यामुळे हात मोकळा होतो. निऱ्यांची एक रेघ सुरुवातीपासून टोकापर्यंत न उचलता ओढणं, एवढंच बघायचं. ती साधली की शेजारी बसलेला माणूस काही बोलत नाही. विडीचा झुरका घेतो, तेच प्रशस्तिपत्र.

डोळ्यांची आखणी सकाळी. पाऊस असला तरी सकाळच्या उजेडात, आणि रंगवणाऱ्याचे डोळे मूर्तीच्या डोळ्यांच्या सरळ समोर येतील एवढ्या उंचीवर बसून. आधी पांढरं, मग पापणीची वरची रेघ, मग बुबुळ, शेवटी प्रकाशाचा ठिपका. बुबुळ वरच्या पापणीला थोडं चिकटलेलं हवं. चारी बाजूंनी पांढरं दिसलं तर देव दचकल्यासारखा दिसतो. दोन्ही ठिपके एकाच बाजूला, नाहीतर नजर फाकते. घरात मूर्ती चौरंगावर असते आणि माणसं जमिनीवर बसतात, म्हणून नजर किंचित खाली. आबा श्वास रोखत नाहीत. सावकाश सोडत सोडत रेघ ओढतात. अलीकडे कानांजवळच्या छटा फवाऱ्याने मारून देणारे पुष्कळ झाले आहेत आणि ते काम वाईट नसतं. डोळे मात्र फवाऱ्याने होत नाहीत.

हरितालिकेच्या दिवशी मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, घरं भरतात, आणि काम शाळेतून माटवीकडे वळतं. गणपतीच्या वर छताला टांगायची ती लाकडी चौकट. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. तिला केवणीच्या सालीच्या दोरांनी नारळ, सुपारीची शिपटी, चिबूड, तवसं, तोरिंजन बांधायचं आणि रानातून आणलेलं लाल कवंडाळ, कांगलं, शेरवडीची पांढरी पानं. पोरं सकाळी रानात जातात आणि दुपारी गुडघाभर चिखलासह परत येतात. काकीचा यात शब्द शेवटचा. कवंडाळ मध्यभागी नको, कडेला. नारळाची पेंड दोन्ही टोकांना, म्हणजे चौकट कलत नाही. मी वर्षभर तोल, अवकाश असले शब्द वापरत असते; काकी दोरी ओढून बघते आणि एक चिबूड वीतभर सरकवते.

गोव्यात काही जुन्या घराण्यांत मातीच्या मूर्तीऐवजी कागदावर रंगवलेला गणपती किंवा नुसती पत्री पुजतात. पोर्तुगीज अमलात उघड पूजा अवघड झाली तेव्हापासूनची ही रीत असं ती घराणी सांगतात. एका घरी मी तो कागद दुरून बघितला आहे. माझ्या जातीचं काम, म्हणून मला त्याचं अप्रूप जास्त.

चतुर्थीच्या सकाळी पाट डोक्यावर घेऊन माणसं भाताच्या बांधांवरून रांगेने निघतात. मूर्तीवर रेशमी कापड आणि वर मोठी छत्री. पावसाने उघडीप दिली तरी छत्री असतेच, कारण खरं सांगायचं तर रंग अजून पुरता सुकलेला नसतो.

मग पुढचे दिवस घरोघरच्या आरत्या. एका घरात आरती, काळ्या वाटाण्याची उसळ, मग दुसरं घर. आम्ही रंगवलेली प्रत्येक मूर्ती मला तिच्या माटवीखाली, तिच्या मागच्या रंगवलेल्या भिंतीपुढे, समईच्या उजेडात पुन्हा दिसते. शाळेत फिका वाटलेला गुलाबी इथे नेमका बसतो, आणि मी ज्याच्यावर खूश होते तो निळा शेला हिरव्या भिंतीपुढे हरवतो. लोक मोकळेपणाने बोलतात. कान मोठे झाले, उंदीर मांजरासारखा दिसतो, सोंड छान. गौरीच्या आवाहनाला मुळांसकट उपटलेला तेरडा सुपात घालून आणतात. त्यातला बराचसा माझ्याच पायवाटेवरचा असतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणायची पद्धत आहे, पण झाड नीट बघितलं तर ते महिनाभर फुलत राहतं.

यंदा काकीने त्यातलंच एक जांभळं फूल तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. चार बायका ऐकत होत्या.

"फुडल्या वर्साक आमच्या गणपतीचो शेलो ह्या रंगाचो काढ," ती म्हणाली. "आणि आबाक आताच सांगून ठेव, मागसून माका कारणा नको."

मी फूल वहीत ठेवलं, शेजारी तीन जांभळे ठिपके मिसळून बघितले. तिसरा जवळ आला आहे, पण अजून ओला आहे. वाळल्यावर फिका पडेल.