पाळी गेल्यानंतरचं हृदय: काही समज आणि वस्तुस्थिती

मदर तेरेसांना हृदयविकाराचा पहिला झटका आला 1983 मध्ये, रोममध्ये असताना. 1989 मध्ये कोलकात्यात दुसरा आला आणि पेसमेकर बसवावा लागला. 5 सप्टेंबर 1997 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी, कोलकात्यातच हृदय बंद पडून त्या गेल्या. अंगाने काटक, साधं खाणाऱ्या, कुठलंही व्यसन नसलेल्या. तरी ‘हार्ट अटॅक म्हणजे सुखवस्तू पुरुषांचं दुखणं’ ही समजूत ना त्या शहरात पुसली गेली, ना आपल्याकडे. वस्तुस्थिती अशी की भारतात बायकांच्या मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. ज्या स्तनाच्या कर्करोगाची आपल्याला योग्य कारणाने धास्ती वाटते, तो या यादीत बराच खाली आहे.

ही समजूत आली कुठून, ते कळण्यासारखं आहे. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात (2004) दिसलं की बायकांना पहिला झटका पुरुषांपेक्षा साधारण नऊ वर्षं उशिरा येतो. म्हणजे घरात आधी नवऱ्याची अँजिओप्लास्टी होते, बाई त्याचं पथ्यपाणी सांभाळते, आणि तिची वेळ येते तेव्हा ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो. आजार उशिरा येतो याचा अर्थ तो कमी येतो असा आपण लावून घेतला.

यातूनच दुसरा समज निघाला: पाळी आहे तोवर कवच, पाळी गेली की कवच गळून पडलं. हे अर्धंच खरं आहे. इंग्लंड-वेल्स आणि अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदी 2011 मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा पन्नाशीच्या आसपास अचानक उसळी दिसली नाही. धोका वयाबरोबर सलग चढत गेलेला होता. मात्र अमेरिकेतल्या ‘स्वान’ अभ्यासाने बायकांच्या रक्ताच्या तपासण्या वर्षानुवर्षं केल्या, आणि शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात वाईट कोलेस्टेरॉल झपाट्याने वाढतं हे दाखवलं. पोटावरची चरबी वाढते, रक्तवाहिन्या कडक होऊ लागतात. तेव्हा रजोनिवृत्तीचा स्वतःचा वाटा आहेच. पण तो आधीच चढणीला लागलेल्या रस्त्यावरचा उंचवटा आहे, आणि चढण कधी सुरू झाली हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

याचं एक उत्तर कोलकात्यातूनच आलेलं आहे. हाजरा भागातल्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले मानस रंजन राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण पश्चिम बंगालमधल्या बायकांचा अभ्यास केला. पाळी सुरू असलेल्या, स्वतः स्वयंपाक करणाऱ्या बायका. काही जणींकडे गॅस, बाकीच्यांकडे चूल: सरपण, शेणाच्या गोवऱ्या, शेतातला काडीकचरा. चुलीवाल्या बाईचं तोंड स्वयंपाक होईपर्यंत जाळापासून हात-दीड हातावर असतं, आणि रोज काही तास तो धूर छातीत जातो. या बायकांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण गॅसवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. धमन्यांच्या भिंतीत रुतून बसणारं बिघडलेलं कोलेस्टेरॉलही त्यांच्या रक्तात वाढलेलं होतं. याच चमूच्या आधीच्या अभ्यासात चुलीवाल्यांच्या रक्तातल्या, गुठळी करणाऱ्या प्लेटलेट पेशी चेतलेल्या आढळल्या होत्या. विडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्या बायका या! त्यांची पाळी जाईल तेव्हा ‘कवच गळालं’ म्हणायचं, की ते कवच विशी-तिशीपासून धुरात झिजत होतं म्हणायचं?

आता वंशाचा मुद्दा. ‘आपल्या रक्तातच आहे, काय करणार’ हे वाक्य बंगाली घरात ऐकू येतं आणि मराठी घरातही. यातला खरा भाग असा की दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका लवकर येतो. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी ‘इंटरहार्ट’च्याच माहितीवरून 2007 मध्ये दाखवलं की आपल्याकडे तो सरासरी 53 व्या वर्षी येतो, इतरत्र 58-59 व्या. पण त्याच लेखातली पुढची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हा फरक मुख्यतः नेहमीच्याच कारणांनी पडतो: तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सुटलेलं पोट, ताण, व्यायामाचा अभाव, भाज्या-फळांची कमतरता. ती आपल्याला तरुण वयातच गाठतात, एवढंच. आणि यातलं बरंचसं बदलता येतं.

पोटाबद्दल पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक पुरावा प्रसिद्ध आहे. त्यांनी आणि ब्रिटनमधल्या जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. वजनकाटा आपल्याला फसवतो तो असा. म्हणून भारतीय बाईने कमरेचा घेर मोजावा. 80 सेंटिमीटरच्या वर गेला तर सावध व्हायचं.

मग पाळी जाताना वंशाचा फरक पडतो का? ‘स्वान’मध्ये गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी वंशाच्या बायका होत्या, भारतीय नव्हत्या. पाळीच्या शेवटी कोलेस्टेरॉल वाढण्याची तऱ्हा या पाचही गटांत जवळपास सारखीच होती. वेगळी होती ती तिथवर पोचेपर्यंतची तब्येत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांना उच्च रक्तदाब तरुणपणीच जास्त असतो, आणि त्यामागे गरिबी, भेदभाव, उशिरा मिळणारे उपचार यांचा हात मोठा आहे. ब्रिटनमधले डॉक्टर हृदयाचा धोका मोजताना वंश विचारतात, त्यात भारतीय आणि बांगलादेशी असे वेगळे रकाने आहेत. हा रकाना ‘लवकर तपासा’ असं सांगतो. त्याला नशिबाचा लेख समजू नये.

आपल्याकडे आणखी एक फरक आहे. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय 46-47, पाश्चात्त्य देशांत 51. आणि ज्यांची पाळी शस्त्रक्रियेने जाते त्यांचं काय? ‘पिशवी काढली, कटकट मिटली’ हा मला सगळ्यांत घातक वाटणारा समज. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या 82 हजारांवर महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती, अनेकींची चाळिशीच्या आत. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन हे हार्मोन एका दिवसात तुटतं, आणि हे पंचेचाळिशीच्या आत झालं तर हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी रजोनिवृत्ती थोडी अलीकडे येते. कोयता, मोळी, फडातली झोपडी, मिश्री, आणि वर हे. या बायकांचा रक्तदाब कोण मोजतं?

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्या तर? विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक डॉक्टरांना हा सरळ उपाय वाटत होता. अमेरिकेत 16,608 बायकांवर झालेली चाचणी 2002 मध्ये मुदतीआधी थांबवली गेली: इस्ट्रोजेनबरोबर दुसरं एक हार्मोन घेणाऱ्यांत हृदयविकार घटला तर नाहीच, दर दहा हजारांत वर्षाला सात जास्त झाले. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. पुढे लक्षात आलं की पाळी गेल्यावर लवकरच, साठीच्या आत सुरू केलेल्या गोळ्यांचं गणित वेगळं आहे. अंगातून गरम वाफा येण्यासारख्या त्रासासाठी त्या घेता येतात आणि अकाली पाळी गेलेल्यांना बहुधा द्यायलाच हव्यात. फक्त हृदय वाचवायला म्हणून त्या घेत नाहीत.

शेवटचा समज अलीकडचा आहे, आणि तो सुशिक्षितांत जास्त: ‘बायकांना छातीत दुखतच नाही.’ अमेरिकेतल्या, झटका आलेल्या पंचावन्न वर्षांपर्यंतच्या रुग्णांत 87 टक्के बायकांनी छातीतली वेदना किंवा दाब सांगितला, पुरुषांनी 89.5 टक्के. बायका त्याबरोबर जबडा, पाठ, मळमळ, दम, थकवाही जास्त सांगतात, आणि ऐकणारा नेमकं तेच धरून बसतो. कोलकात्यात त्याला ‘गॅस-अम्बल’ म्हणतात, आपल्याकडे ‘पित्त झालं’. अशा वेळी दहा मिनिटांत ईसीजी काढला जायला हवा, आणि तो मागायला घरच्यांनी लाजू नये.

चाळिशीपासून वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. पान-जर्दा असो की मिश्री, डॉक्टरांना सांगावं. तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याचा धोका दुपटीच्या घरात आढळला आहे. आणि गरोदरपणातले कागद टाकून देऊ नयेत. त्या नऊ महिन्यांत रक्तदाब चढला होता का, साखर वाढली होती का, हे पन्नाशीच्या बाईला हृदयाच्या डॉक्टरांनी विचारायला हवं. त्यांनी नाही विचारलं, तर तिने आपणहून फाइल पुढे करावी.