जादूची तलवार किती धारदार असावी?

मुलांनो, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. अकरावी-बारावीतला एखादा दादा छोट्यांमध्ये खेळायला येतो. तो काही केल्या आउटच होत नाही. अर्ध्या तासानं लांब उभा केलेला एक छोटा गडी 'आई हाक मारतेय' म्हणून घरी पळतो. मग दुसरा, मग तिसरा. कुणी भांडलेलं नसतं, कुणी रडीचा डाव खेळलेला नसतो, तरी खेळ मोडतो. असं का बरं होतं?

मला याचं उत्तर मिळालं ते मैदानावर नाही, तर घरातल्या सतरंजीवर, दिवाळीच्या सुटीत. आणि त्या वेळी खेळ मोडणारी मीच होते!

वीस बाजूंचा फासा

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. सुटीत येताना त्यानं एक खेळ आणला, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तयार केलेला हा खेळ १९७४ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. तेव्हा एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका असायच्या. आज तो जगभर खेळला जातो.

यात एक जण गोष्ट सांगतो. त्याला म्हणतात 'डंजन मास्टर'. डंजन म्हणजे भुयार, तळघर. बाकीचे एकेक पात्र होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी कुलपं उघडण्यात पटाईत असलेला चोर. "समोर दार आहे. आतून घोरण्याचा आवाज येतोय. काय करता?" असं मास्टर विचारतो आणि प्रत्येकानं आपलं उत्तर द्यायचं. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. आणि हा फासा सापशिडीच्या फाशासारखा सहा बाजूंचा नाही बरं का, चांगला वीस बाजूंचा आहे! यात एक जिंकला आणि बाकीचे हरले, असं नसतं. सगळे एकाच बाजूचे.

आता थोडं गणित करू या. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे. समजा, राक्षसाच्या चिलखताचा आकडा आहे १५. तुमच्या योद्ध्याच्या अंगची ताकद ५. फाशावर पडलेल्या आकड्यात ५ मिळवून १५ किंवा जास्त झाले, तर घाव बसला. म्हणजे फाशावर १० ते २० यांपैकी काहीही चालेल. वीसपैकी ११ बाजू तुमच्या.

वाटेत एका पेटीत '+१' जादूची तलवार सापडली, तर बाजू होतात १२. म्हणजे एका गुणानं शंभरात पाचची भर. '+३' ची सापडली, तर १४ बाजू. खेळाच्या पुस्तकात साधारण इथंच थांबतात. तीन गुणांची तलवार म्हणजे फार मोठा खजिना. "एवढीशी जादू?" असं मलाही वाटलं होतं.

माझी चूक

दुसऱ्या दिवशी भाचा मित्रांकडे गेला आणि मुलांनी मला गळ घातली. मग मी झाले डंजन मास्टर. खेळायला माझी पाचवीतली लेक आणि शेजारची तीन मुलं. लेकीचा फासा सकाळपासून वाईट पडत होता. तिचं तोंड रडवेलं झालं. मला राहवलं नाही. पुढच्याच खोलीत मी तिला तलवार दिली, चक्क '+१०' ची!

ती आता एक आकडा सोडून कशावरही घाव घालत होती. वीसपैकी १९ बाजू तिच्या. राक्षस पटापट पडायला लागले. मग मी हुशारी केली. पुढच्या राक्षसाचं चिलखत १५ वरून २५ केलं. लेकीला पुन्हा १० पडायला हवे होते, म्हणजे ११ बाजू. झाली ना बरोबरी?

पण बाकीच्या तिघांचं काय? त्यांची ताकद ५. पंचविसातून पाच गेले, उरले वीस. त्यांना फाशावर वीसच पडायला हवा होता! वीसपैकी एकच बाजू. म्हणजे सोपा राक्षस आणला, तर तो लेक एकटीच मारणार. अवघड आणला, तर बाकीच्यांचा घावच बसणार नाही.

चौथीतला शेजारचा मुलगा थोडा वेळ फासा हातात खुळखुळवत बसला. मग त्यानं तो हळूच खाली ठेवला आणि म्हणाला, "काकू, मी नुसतं बघतो. माझं काही कामच नाहीये."

वर्गात हाच सूर मी किती वेळा ऐकला असेल! त्या दिवशी मात्र तो माझ्यामुळे निघाला होता.

जादूला लगाम

रात्री भाच्याला सांगितलं, तर तो हसायला लागला. "मावशी, तू तर माँटी हॉल झालीस!" अमेरिकेत १९६३ साली 'लेट्स मेक अ डील' नावाचा बक्षिसांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. माँटी हॉल हे त्याचे सूत्रसंचालक. जादूच्या वस्तूंची खैरात करणाऱ्या डंजन मास्टरला खेळाडू त्यांच्या नावानं चिडवतात. म्हणजे ही चूक करणारी मी पहिली नव्हते तर!

मग त्यानं पुस्तक उघडलं. जादूला लगाम घालायच्या कितीतरी युक्त्या त्यात होत्या. आगीचे गोळे सोडणाऱ्या छडीत सातच बार असतात. रोज पहाटे त्यातले काही परत भरतात. पण शेवटचा बारही वापरलात, तर फासा टाकायचा. एक पडला, की छडीची राख! जादूची एक पिशवी आहे. तिच्यात ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास सामान मावतं, आणि तरी पिशवीचं वजन जेमतेम सात किलो. पण ती फाटली, तर सगळं सामान दुसऱ्याच जगात फेकलं जातं. आणि २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत असा नियम आहे, की बऱ्याच बलवान वस्तूंशी आधी सूर जुळवावा लागतो, आणि एका वेळी तीनच वस्तूंशी तो जुळतो. चौथी हवी, तर एक सोडा.

याला म्हणतात खेळाचा तोल. सगळ्यांना सारखीच तलवार देणं म्हणजे तोल नव्हे. प्रत्येकाला कधी ना कधी 'आता मी हवा' असं वाटलं पाहिजे, तो खरा तोल.

तिसऱ्या दिवशी मी मुलांना सरळ सांगितलं, "काल चूक माझी झाली." लेकीनं गाल फुगवले, "म्हणजे माझी तलवार काढून घेणार?" काढून नाही घेतली. सगळ्यांनी मिळून नियम ठरवला. दिवसातून एकच घाव दहा गुणांचा, बाकी वेळ ती '+१' ची तलवार. आणि शेजारच्या मुलाला सापडला एक कंदील. लढाईत त्याचा काडीचा उपयोग नाही, पण त्याच्या उजेडात भिंतीवरची लपलेली अक्षरं दिसतात.

तासाभरानं सगळे एका बंद दरवाज्यापाशी अडकले. लेकीनं तलवार चालवून पाहिली. दरवाजा ढिम्म. मग तीच वळून म्हणाली, "अरे, तुझा कंदील दाखव ना!"

तुम्हीही करून बघा

वहीत जादूची एक वस्तू तयार करा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. ही किती वेळा वापरता येईल? वापरली तर काय गमवावं लागेल? आणि ही माझ्याकडे असताना बाकीच्यांना काय काम उरेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर वस्तू बदला.

पालकांनो, वीस बाजूंचा फासा नसला तरी अडत नाही. १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाका, एक उचला आणि परत टाका. आणि हो, मुलांनी मास्टर केलं, तर आपल्याच लेकराला '+१०' ची तलवार देऊ नका!