ट्रकची चासी

खुटबावच्या रानातून ऊस भरून ट्रक निघाला, की ओला चिखल चासीला चिकटतो. लोखंडाला पाणी नि हवा मिळाली, की ते गंजते. खत किंवा मीठ वाहिले असेल, तर लवकरच! चासीच्या पन्हळीत, रिबिटांभोवती माती साचते. वरून दिसत नाही. तेथे पाण्याचा फवारा मारा. चांगले वाळू द्या. मग हातोडीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले, तर लोखंड आतून खाल्ले आहे. नुसता वरवरचा गंज असेल, तर तारेच्या ब्रशाने खरवडा, रेड ऑक्साईड लावा, त्यावर रंग द्या. गंजावरच रंग फासणे म्हणजे पैसे पाण्यात. काहीजण जळके तेल लावतात. ते ब्रेकला नि रबरी नळ्यांना लागता कामा नये. भरल्या ट्रकची चासी मोडली, तर ड्रायव्हरच्या जिवावर बेतते. भोक किंवा चीर दिसली, तर ऊस भरू नका. आधी मिस्त्री गाठा.