प्रतीवरून प्रत : वाढीव स्नॅपशॉट-प्रेषण आणि परतणाऱ्या चुकांची चाचणी

एका लेखनिकाच्या हातून झालेली चूक त्या प्रतीवरून उतरलेल्या सर्व प्रतींत जाते, हे पाठचिकित्सेचे मूलभूत तत्त्व आहे. हस्तलिखितांची वंशावळ लावली जाते ती अशा समान चुकांच्या आधारेच. संगणकावर जतन केलेल्या ग्रंथसंग्रहांनाही प्रतींची अशी परंपरा असते. मात्र तेथे दर वेळी समग्र संहिता उतरवून घेतली जातेच असे नाही. अनेकदा पूर्वीच्या प्रतीपासून झालेला फरक तेवढा पाठविला जातो आणि त्यावरून दुसऱ्या ठिकाणी नवी प्रत सिद्ध होते. ही प्रत मूळ संग्रहाशी जुळते किंवा नाही हे कसे ठरवावयाचे, आणि एकदा दुरुस्त केलेली चूक पुन्हा शिरली तर ती कशी ओळखावयाची, या दोन प्रश्नांचा विचार येथे मुख्यतः लिनक्सवरील ‘बीटीआरएफएस’ या फाइलव्यवस्थेच्या आधारे केला आहे.

फाइलव्यवस्था म्हणजे डिस्कवरील मजकुराची नावे, जागा आणि परस्परसंबंध यांची नोंद ठेवणारी यंत्रणा. बीटीआरएफएसचे काम ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ओरॅकल कंपनीत सुरू केले आणि २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. या व्यवस्थेत मजकूर बदलला तरी सामान्यतः जुन्या जागेवर नवा मजकूर लिहिला जात नाही. नवा मजकूर नव्या जागी लिहून नोंदी त्याकडे वळविल्या जातात. त्यामुळे एखाद्या क्षणीची संपूर्ण स्थिती जवळजवळ विनाखर्च राखून ठेवता येते. हाच ‘स्नॅपशॉट’. सोमवारचा आणि मंगळवारचा स्नॅपशॉट यांचा न बदललेला भाग सामाईक असतो, म्हणून त्यांतील फरकही लवकर शोधता येतो. हा फरक शोधून पाठविण्याची सोय २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.६ या आवृत्तीत आली.

पाठविला जातो तो फरक आदेशमालिकेच्या रूपात असतो : अमुक फाइल निर्माण करा, अमुक नाव बदला, अमुक ठिकाणी इतका मजकूर लिहा, अमुक काढून टाका. ग्रहण करणारी बाजू हे आदेश क्रमाने अमलात आणते. एखाद्या मुद्रित ग्रंथाचे शुद्धिपत्र हाती घेऊन जुनी प्रत सुधारीत जावे, तसाच हा प्रकार. परंतु शुद्धिपत्रातील नोंदी बहुधा परस्परांपासून स्वतंत्र असतात. येथे प्रत्येक आदेशाचा अर्थ त्यापूर्वीच्या आदेशांनी घडविलेल्या स्थितीवर अवलंबून असतो, आणि बऱ्याचशा चुकांचे मूळ या क्रमातच असते.

एक उदाहरण पुरेसे होईल. प्रत्येक फाइलला व डिरेक्टरीला नावाखेरीज एक आंतरिक क्रमांक असतो, आणि फरकाची मांडणी या क्रमांकांच्या चढत्या ओळीने होते. पहिल्या स्नॅपशॉटमध्ये ‘पदे’ ही २५७ क्रमांकाची डिरेक्टरी असून तिच्या पोटात ‘अभंग’ ही २५८ क्रमांकाची डिरेक्टरी आहे, असे समजू. पुढे वापरकर्त्याने रचना उलटी केली. ‘अभंग’ बाहेर आली आणि ‘पदे’ तिच्या पोटात गेली. आता क्रमांकानुसार २५७ चा विचार आधी झाला तर पहिला आदेश निघेल तो ‘पदे’ला ‘अभंग’च्या आत हलविण्याचा. पण ग्रहण करणाऱ्या बाजूस त्या क्षणी ‘अभंग’ अद्याप ‘पदे’च्याच आत आहे. एखादी डिरेक्टरी स्वतःच्याच वंशजाच्या पोटात घालणे अशक्य असल्याने आदेश विफल होतो. म्हणून २५७ चे स्थलांतर थांबवून ठेवावे लागते आणि २५८ बाहेर आल्यावर ते घडवावे लागते. डिरेक्टऱ्यांच्या अनेक पिढ्या एकाच वेळी हलल्या, नावांची अदलाबदल झाली किंवा काढून टाकलेले नाव दुसऱ्या वस्तूला मिळाले, की ही गुंतागुंत पुष्कळच वाढते. प्रेषणाची सोय आल्यानंतरच्या वर्षांत अशा अनेक चुका उघडकीस आल्या. त्यांच्या दुरुस्त्यांत आणि त्यांसाठी लिहिलेल्या चाचण्यांत फिलिपे मनाना यांचा वाटा मोठा आहे.

या चाचण्यांना ‘रिग्रेशन चाचणी’ म्हणतात. दुरुस्त झालेला दोष पुढील एखाद्या बदलामुळे परतला नाही ना, हे पाहणे हे त्यांचे प्रयोजन. एसजीआय या कंपनीत एक्सएफएस या फाइलव्यवस्थेसाठी सुरू झालेला आणि आज इतरही फाइलव्यवस्थांसाठी वापरला जाणारा ‘एफएसटेस्ट्स’ हा संच त्यांचे मुख्य भांडार होय. त्यातील चाचण्यांना क्रमांक असतात. वाढीव प्रेषणाच्या चाचणीची सर्वसाधारण रीत अशी : कोऱ्या डिस्कवर दोषाला कारण झालेली रचना उभारावयाची, पहिला केवळ-वाचनीय स्नॅपशॉट घ्यावयाचा, ठरलेले फेरफार करून दुसरा घ्यावयाचा, पहिल्याचे पूर्ण आणि दुसऱ्याचे वाढीव प्रेषण तयार करावयाचे. मग नव्याने सिद्ध केलेल्या फाइलव्यवस्थेत ती दोन्ही क्रमाने ग्रहण करून मूळ व प्राप्त रचना ताडून पाहावयाच्या. चाचणीने छापलेले निष्पन्न तिच्या अपेक्षित निष्पन्नाशी अक्षरशः जुळले तरच ती उत्तीर्ण होते.

येथे ताडून पाहिली जाते ती अंतिम रचना. आदेशांची मालिका जशीच्या तशी जुळण्याचा आग्रह सहसा नसतो, कारण वेगवेगळ्या क्रमांनी एकच रचना सिद्ध होऊ शकते. मात्र तुलनेत जे घेतले नाही त्याची परीक्षाही होत नाही. केवळ मजकूर ताडला तर परवानग्यांतील किंवा कालनोंदींतील तफावत निसटून जाते. तसेच अपेक्षित निष्पन्नच सदोष असेल तर चाचणी त्या दोषाचेच रक्षण करते. अपपाठ मुद्रित होऊन प्रमाण ठरावा, तसे हे घडते.

एवढी दक्षता का, हे झेडएफएस या दुसऱ्या फाइलव्यवस्थेच्या अनुभवावरून स्पष्ट होते. मोठ्या फाइलींतील शून्यांनी भरलेला भाग प्रत्यक्ष न साठविता ‘पोकळी’ म्हणून नोंदविता येतो. ती पोकळी केव्हा निर्माण झाली, यावरून ती वाढीव प्रेषणात घ्यावी किंवा नाही हे ठरते. काही परिस्थितींत ही काळाची नोंद चुकत असे. त्यामुळे पोकळीचा उल्लेख प्रेषणातून गळे आणि प्राप्त प्रतीत जुनाच मजकूर राही. २०१६ मध्ये या दोषाची बरीच चर्चा झाली आणि त्या नोंदीवर विसंबू नये अशी तरतूद करण्यात आली. मूळ संग्रह अबाधित होता. प्राप्त प्रतीतही एकही त्रुटी दिसत नव्हती, कारण तेथील पडताळा-संख्या तेथे लिहिलेल्या मजकुराशी तंतोतंत जुळत होत्या. लिहिलेले बिघडले नाही एवढेच त्या संख्या सांगतात. जे लिहावयास हवे होते तेच लिहिले गेले किंवा कसे, हे त्यांना सांगता येत नाही. ते दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावरच कळते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत त्याज्य ठरलेले पाठ तळटीपांत राखले आहेत. चाचणीसंचातही त्याज्य ठरलेला दोष असाच राखला जातो, पण तो वाचण्यासाठी नव्हे. तो ज्या परिस्थितीत उद्भवला ती परिस्थिती संच चालविताना पुन्हा घडविली जाते. ज्याने तो दोष पाहिलाही नाही अशा नव्या प्रोग्रामरला त्याची कसोटी त्यामुळे आयतीच लाभते. अर्थात, अशा चाचण्या ज्ञात चुकांपुरत्याच असतात. अज्ञात चुकांसाठी यादृच्छिक फेरफार घडविणाऱ्या ‘एफएसस्ट्रेस’सारख्या साधनांचा उपयोग केला जातो.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे महत्त्व व्यावहारिकही आहे. हस्तलिखितांच्या प्रतिमा आणि संपादित संहिता आता संगणकीय संग्रहांत राहतात. मूळ डिस्क निकामी झाली की फरकांवरून उभारलेली प्रत हाच एकमेव साक्षीदार उरतो. त्या वेळी तिची तुलना करण्यास दुसरे काही उपलब्ध नसते. म्हणून मूळ हाती आहे तोवरच प्रत मुळाशी ताडून पाहणे, हे ग्रंथपालाइतकेच संपादकाचेही कर्तव्य ठरते.